संयुक्त मूलकांवर विद्युत्प्रभार का असतो? : क्षारकल्पनेच्या अनुषंगाने विवेचन

रसशास्त्राचा अभ्यास करताना कासीस म्हणजे फेरस सल्फेट, तुत्थ म्हणजे कॉपर सल्फेट, नवसादर म्हणजे अमोनियम क्लोराइड, सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ही समीकरणे आपण सर्वांनी मुखोद्गत केलेली असतात. सल्फेटवर दोन ऋण प्रभार, नायट्रेटवर एक ऋण प्रभार, अमोनियमवर एक धन प्रभार हेही पाठ असते. परंतु हे प्रभार तेथे येतात कोठून, हा प्रश्न परीक्षेत सहसा येत नाही आणि पुढे व्यवसायात पडल्यावर तो मागेच राहतो. वस्तुतः क्षारपाक, भस्मनिर्मिती आणि रुग्णाच्या रक्ततपासणीचा अहवाल या तिन्ही ठिकाणी याच प्रश्नाचे उत्तर उपयोगी पडते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा मुळापासून विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

संज्ञांची निश्चिती

प्रथम दोन शब्दांविषयी सावध राहणे इष्ट. आयुर्वेदात 'क्षार' म्हणजे क्षरण-क्षणन करणारे, दाहक व तीक्ष्ण द्रव्य. शालेय विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणाऱ्या पदार्थास 'क्षार' म्हणतात; त्या अर्थाने खाण्याचे मीठ हाही क्षार होय. या लेखात 'क्षार' हा शब्द आम्ही आयुर्वेदीय अर्थानेच योजिला आहे आणि दुसऱ्या अर्थासाठी 'लवण' असे म्हटले आहे. तसेच येथील 'अणू' हा रसायनशास्त्रातील अणू आहे. वैशेषिक दर्शनातील परमाणूची कल्पना स्वतंत्र असून तिची येथे सरमिसळ करू नये.

विद्युत्प्रभार असलेला अणू किंवा अणुसमूह म्हणजे आयन. सोडियम वा क्लोराइड हे एकाच अणूचे आयन. त्यांना साधी मूलके म्हणतात. एकाहून अधिक अणू परस्परांशी घट्ट बांधले जाऊन सर्व मिळून एक आयन होतो, तेव्हा त्यास संयुक्त मूलक म्हणतात. सल्फेट, कार्बोनेट, नायट्रेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड, अमोनियम ही आपल्या नित्य परिचयाची संयुक्त मूलके होत.

प्रभार म्हणजे जमाखर्चातील शिल्लक

'आयन' ही संज्ञा मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये रूढ केली. लवण पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात, हा विचार स्वान्टे अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात मांडला. तथापि आयनावर प्रभार का असावा, हे कळण्यास आणखी काही काळ जावा लागला. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन दाखवून दिला. १९१३ मध्ये हेन्री मोझ्ली यांच्या प्रयोगांनी अणुक्रमांकाचा संबंध अणुकेंद्रातील धन प्रभाराशी जोडला. आणि १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईस यांनी दोन अणू इलेक्ट्रॉनांच्या जोडीत भागीदारी करून बांधले जातात, ही कल्पना मांडली. या तीन पायऱ्यांवर आपले उत्तर उभे आहे.

प्रत्येक अणूच्या केंद्रात ठरावीक संख्येने प्रोटॉन असतात. प्रत्येक प्रोटॉनवर एक एकक धन प्रभार, तर प्रत्येक इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋण प्रभार असतो. दोहोंची संख्या समान असेल तर अणू उदासीन. इलेक्ट्रॉन कमी झाल्यास धन प्रभार शिल्लक राहतो, अधिक झाल्यास ऋण. प्रभार हा काही बाहेरून लावलेला लेप वा द्रव्यात शिरलेली निराळी शक्ती नाही. तो या जमाखर्चातील शिल्लक आहे. संयुक्त मूलकांनाही हाच नियम लागू होतो. फरक इतकाच की हिशेब एका अणूचा न करता सर्व कुटुंबाचा एकत्र करावयाचा. तो पुढीलप्रमाणे :

हायड्रॉक्साइड : प्रोटॉन ९, इलेक्ट्रॉन १०, प्रभार ऋण १.
अमोनियम : प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १०, प्रभार धन १.
नायट्रेट : प्रोटॉन ३१, इलेक्ट्रॉन ३२, प्रभार ऋण १.
बायकार्बोनेट : प्रोटॉन ३१, इलेक्ट्रॉन ३२, प्रभार ऋण १.
कार्बोनेट : प्रोटॉन ३०, इलेक्ट्रॉन ३२, प्रभार ऋण २.
सल्फेट : प्रोटॉन ४८, इलेक्ट्रॉन ५०, प्रभार ऋण २.
फॉस्फेट : प्रोटॉन ४७, इलेक्ट्रॉन ५०, प्रभार ऋण ३.

इलेक्ट्रॉन कमी-अधिक का?

येथे जिज्ञासू वाचक विचारील, की समूहाने आपल्या प्रोटॉनांइतकेच इलेक्ट्रॉन का ठेवू नयेत? याचे उत्तर बंधांच्या रचनेत आहे. अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन बंधात भाग घेतात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या अणूंभोवती स्वतःचे व भागीदारीतील मिळून आठ इलेक्ट्रॉन झाले की रचना स्थिर होते. हायड्रोजनला दोन पुरतात. समूहातील सर्व अणूंची ही गरज एकाच वेळी भागण्यासाठी लागणारी संख्या आणि त्या अणूंनी स्वतः आणलेली संख्या या दोन्ही जुळतीलच असे नाही. जेथे त्या जुळतात, तेथे पाणी, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड असे उदासीन रेणू होतात. जेथे जुळत नाहीत आणि तरीही रचना स्थिर असते, तेथे संयुक्त मूलक होते.

कार्बोनेटचे उदाहरण घेऊ. कार्बनचे बाह्य इलेक्ट्रॉन ४ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे प्रत्येकी ६ प्रमाणे १८, असे एकूण २२. परंतु एका कार्बनभोवती तीन ऑक्सिजन बसून चौघांचीही अष्टके पूर्ण होण्यास २४ इलेक्ट्रॉन लागतात. दोन कमी पडतात, ते बाहेरून येतात, आणि समूहावर दोन ऋण प्रभार राहतात. सल्फेटमध्ये अणूंचे स्वतःचे ३० आणि गरज ३२ ची, तेथेही दोनच. नायट्रेटमध्ये २३ आणि २४, म्हणून एक.

हे बाहेरचे इलेक्ट्रॉन येतात कोठून? कार्बन डायऑक्साइड हा उदासीन वायू आहे. त्यास ऑक्साइड आयन मिळाला की कार्बोनेट होतो. ऑक्साइड आयनावर दोन इलेक्ट्रॉन अधिक असतात आणि ते त्याला कॅल्शियमसारख्या धातूने आधीच दिलेले असतात. म्हणजे समूहाने घेतलेले इलेक्ट्रॉन कोणीतरी दिलेले असतातच. म्हणूनच बरणीतील यवक्षारास वा शंखास हात लावला असता विजेचा धक्का बसत नाही. एकाच्या नावे जेवढे जमा, तेवढेच दुसऱ्याच्या नावे खर्च असते.

दुसरा मार्ग हायड्रोजनचा आहे. आम्लातील हायड्रोजन बाहेर पडतो, तेव्हा आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून केवळ प्रोटॉन घेऊन जातो. गंधकाम्लातून असे दोन प्रोटॉन गेले की मागे सल्फेट उरते, दोन इलेक्ट्रॉनांच्या शिलकीसह. नवसादरात याच्या उलट घडते. अमोनियातील नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते. हायड्रोक्लोरिक आम्लाकडून आलेला प्रोटॉन त्या जोडीवर स्थिरावतो. तो स्वतःचा इलेक्ट्रॉन आणत नाही, धन प्रभार मात्र आणतो. म्हणून अमोनिया उदासीन आणि अमोनियम धनप्रभारित.

हा प्रभार समूहातील एका विशिष्ट अणूवर चिकटून बसलेला नसतो. कार्बोनेटमधील तिन्ही ऑक्सिजन अगदी सारखे असतात आणि ऋण प्रभार त्या तिघांत वाटला गेलेला असतो. अशा वाटपामुळे समूह अधिक स्थिर होतो. त्यामुळेच सल्फेट वा नायट्रेट पाण्यात विरघळताना फुटत नाही. जोडीदार बदलतो, पण समूह एकसंध राहतो. लुईस यांची मांडणी ही अर्थात हिशेबाची सोपी रीत आहे. इलेक्ट्रॉनांचे वितरण सूक्ष्म रीतीने सांगण्यास क्वांटम सिद्धांत लागतो. परंतु प्रभाराची बेरीज दोन्ही रीतींनी तीच येते.

क्षारपाकातील जोडीदारबदल

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात क्षारपाकविधी वर्णिला आहे. वनस्पतीची राख पाण्यात कालवून वारंवार गाळावी आणि ते क्षारोदक आटवावे, हा त्याचा गाभा. राखेतील विद्राव्य भागात पोटॅशियम कार्बोनेट महत्त्वाचे असते. मृदु क्षारात काही मिसळत नाहीत. मध्यम क्षारात मात्र शंखनाभी, शुक्ती, कटशर्करा इत्यादी द्रव्ये अग्निवर्ण तापवून क्षारोदकात टाकण्यास सांगितले आहे. असे का, याचे उत्तर प्रभाराच्या हिशेबातून मिळते.

शंख तापला की त्याचा चुना होतो. चुना पाण्यात पडला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, कार्बोनेटवर दोन ऋण. या दोघांचे लवण पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने ते साक्याच्या रूपाने तळाशी बसते. मागे द्रावणात पोटॅशियमचे दोन आयन आणि हायड्रॉक्साइडचे दोन आयन उरतात. एका कार्बोनेटच्या जागी दोन हायड्रॉक्साइड आले, कारण दोन ऋण प्रभारांची भरपाई तशीच होऊ शकते. पोटॅशियम कार्बोनेटच्या मानाने पोटॅशियम हायड्रॉक्साइड पुष्कळच दाहक. मृदु क्षाराहून मध्यम क्षार बलवान होण्याचे एक कारण येथे स्पष्ट होते. आयनांची ही भाषा जगाला ठाऊक होण्यापूर्वी कित्येक शतके आपल्या आचार्यांनी ही कृती निश्चित करून ठेवली होती. त्यांनी ती निरीक्षणाने साधली. तिचे स्पष्टीकरण आज आपल्या हाती आहे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

क्षारदग्धावर कांजीसारख्या अम्ल द्रव्याचा उपचार त्याच अध्यायात सांगितला आहे. अम्लातील प्रोटॉन हायड्रॉक्साइडला मिळाला की पाणी होते : धन एक, ऋण एक, शिल्लक शून्य. कार्बोनेटला दोन प्रोटॉन मिळाले की पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन फेस येतो. औषधालयात याचा उपयोग करता येतो. यवक्षार म्हणून आलेल्या नमुन्यावर लिंबाचा रस टाकला असता फेस न आल्यास तो कार्बोनेट नाही, हे निश्चित. सोऱ्यातील नायट्रेट अशा वेळी स्वस्थ राहते. फेस आला म्हणजे तो यवक्षारच असे मात्र समजू नये, कारण खाण्याचा सोडाही असाच फेसाळतो. ज्योतीत धरल्यावर पोटॅशियम फिकट जांभळा आणि सोडियम गडद पिवळा रंग देते, त्यावरून पुढील भेद करावा.

अग्नीत मूलकाचे काय होते?

पाण्यात समूह टिकतो, अग्नीत तो टिकेलच असे नाही. शंख सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की कार्बोनेट फुटते. कार्बन डायऑक्साइड उदासीन असल्याने प्रभार न घेता निघून जातो आणि दोन्ही ऋण प्रभार ऑक्साइडकडे राहतात. प्रभार नष्ट होत नाही, केवळ मालक बदलतो. म्हणून नीट पुट मिळालेले शंखभस्म जिभेस चटका देते, ते घृतासह देण्याची रीत आहे, आणि ते हवाबंद ठेवणे अगत्याचे आहे. उघडे राहिल्यास हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड घेऊन ते पुन्हा हळूहळू कार्बोनेट होऊ लागते.

स्फटिकेची लाही करताना तिच्यातील पाणी निघून जाते, सल्फेट मात्र राहते. तिचा हिशेबही पाहण्याजोगा आहे : पोटॅशियमचा धन १ व ॲल्युमिनियमचे धन ३ मिळून ४, सल्फेटचे दोन समूह, ऋण ४. कासिसाला तीव्र पुट दिले असता प्रथम पाणी जाते, पुढे सल्फेटही फुटून गंधकाचे वायू निघतात आणि तांबडे लोह ऑक्साइड उरते. याचा अर्थ असा, की शुद्ध कासीस आणि तीव्र पुटाचे कासीसभस्म ही रसायनदृष्ट्या भिन्न द्रव्ये आहेत. पहिले पाण्यात विरघळते, दुसरे विरघळत नाही. दोहोंची मात्रा एकाच मापाने ठरविणे योग्य नव्हे.

पारदाच्या बाबतीत तर हा हिशेब प्राणाशी निगडित आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइट या संयुगाचा शोध प्रसिद्ध केला. आपल्या रसग्रंथांचा परामर्श घेणाऱ्या 'हिस्ट्री ऑफ हिंदू केमिस्ट्री' या ग्रंथाचे खंड त्यांनी १९०२ व १९०९ मध्ये प्रकाशित केले. मर्क्युरस आयन हेही एक संयुक्त मूलकच : पाऱ्याचे दोन अणू परस्परांशी बांधलेले, प्रोटॉन १६०, इलेक्ट्रॉन १५८, प्रभार धन २. मर्क्युरिक आयनात पाऱ्याचा एकच अणू असतो, पण प्रभार तोच, धन २. मर्क्युरस क्लोराइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य. मर्क्युरिक क्लोराइड विद्राव्य आणि तीव्र विषारी. रसकर्पूराच्या निर्मितीत कृतिभेदाने या दोहोंचे प्रमाण बदलू शकते. 'पाऱ्याचे क्लोराइड' एवढ्याच वर्णनावर विसंबून राहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

रुग्णाच्या संदर्भात

जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून पुरस्कारलेले सूत्र पाहावे. एक लिटर द्रावणात सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० मिलीमोल; धन प्रभार ९५. क्लोराइड ६५ मिलीमोल आणि सायट्रेट १० मिलीमोल. सायट्रेट हे तीन ऋण प्रभारांचे संयुक्त मूलक असल्याने त्याचे ३० झाले. एकूण ऋण प्रभार ९५. साखरेच्या रेणूवर प्रभारच नाही. असा ताळा प्रत्येक द्रावणाचा जुळतो.

रक्ताचाही जुळतो. अहवालात सोडियम १४०, क्लोराइड १०४ व बायकार्बोनेट २४ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असल्यास १४० मधून १२८ वजा जाता १२ उरतात. प्रभार खरोखर शिल्लक राहिलेला नसतो; अहवालात न मोजलेले अल्ब्युमिन, फॉस्फेट, सल्फेट इत्यादी आयन तो भरून काढतात. वृक्कांचे कार्य मंदावले की सल्फेट व फॉस्फेट साठतात. मधुमेही रुग्णात कीटोनजन्य आम्ले साठतात. तेव्हा बायकार्बोनेट घटते आणि हा फरक वाढतो. मधुमेहाचा रुग्ण वांती, दीर्घ श्वास व ग्लानी घेऊन आला आणि असा अहवाल दिसला, तर कोणत्याही कल्पाची योजना करीत न बसता त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

मूलक समान असले तरी त्याचा जोडीदार पाहणे तितकेच आवश्यक. सज्जीक्षार व यवक्षार या दोहोंत कार्बोनेट असते, परंतु यवक्षारात कार्बोनेटच्या प्रत्येक समूहामागे पोटॅशियमचे दोन आयन येतात. यवक्षार शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट आहे असे धरल्यास एका ग्रॅममधून सुमारे १४.५ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम पोटात जाते. निरोगी वृक्क ते सहज बाहेर टाकतात. वृक्कदौर्बल्य असलेल्या, अथवा एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णात मात्र रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयगती बिघडू शकते. मूत्रकृच्छ्र म्हणून यवक्षार सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहून घ्यावे. नवसादराचेही तसेच. अमोनियमचे युरियात रूपांतर यकृत करते. यकृद्विकारात नवसादर देण्याची परंपरा असली, तरी ज्याचे यकृत अत्यंत क्षीण झाले आहे, ज्यास जलोदर वा बुद्धिभ्रम आहे, त्याला तो देऊ नये.

एक मर्यादा

ऋण प्रभार म्हणजे शीत वीर्य आणि धन प्रभार म्हणजे उष्ण वीर्य, अशा धर्तीची समीकरणे मांडण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. तुत्थ, कासीस व स्फटिका या तिन्हींत तेच सल्फेट आहे, प्रभारही तोच ऋण २. तरीही तुत्थ वामक व मात्रेबाहेर विषारी, कासीस रक्तवर्धक, स्फटिका स्तंभक. प्रभार समान असून गुणकर्म भिन्न असेल, तर प्रभारावरून गुण ठरविता येत नाहीत, हे उघड आहे. रस-गुण-वीर्य-विपाकाची कसोटी शरीरावर होणाऱ्या कर्माची आहे आणि प्रभाराची कसोटी मोजणीची. दोन्ही आपापल्या जागी ठेवल्यास दोन्हींचा उपयोग होतो.

सारांश

संयुक्त मूलकावर प्रभार असतो, कारण त्यातील अणूंना एकत्र स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या त्यांच्या एकूण प्रोटॉनांपेक्षा कमी वा अधिक असते. हे इलेक्ट्रॉन धातूकडून येतात, अथवा हायड्रोजनच्या प्रोटॉनाच्या देवघेवीतून शिल्लक राहतात. समूह पाण्यात टिकतो, तीव्र अग्नीत फुटू शकतो, परंतु प्रभाराची एकूण बेरीज कधीच ढळत नाही. विश्लेषण अहवालात यापुढे सल्फेट, कार्बोनेट वा अमोनियम हे शब्द दिसतील, तेव्हा त्यांचा जोडीदार कोण, तो किती प्रमाणात आला आणि हा रुग्ण तो पेलू शकेल काय, एवढे तीन प्रश्न आपण स्वतःस विचारावेत, ही वैद्यबंधुभगिनींना विनंती.